फेसलिफ्टनंतरची पहिली रात्र आणि पुढचे सहा महिने: एक प्रकरण अभ्यास

पुण्यातील एका छोट्या खासगी रुग्णालयात चेहऱ्याची व मानेची फेसलिफ्ट शस्त्रक्रिया करून घेतलेल्या ६१ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचे हे प्रकरण आहे. येथे वर्णन केलेली रुग्ण ही कोणी एक प्रत्यक्ष व्यक्ती नाही. या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर, परिचारिका आणि घरची माणसे यांच्यासमोर पुन्हा पुन्हा येणाऱ्या घटना एका रुग्णाच्या रूपाने क्रमवार मांडल्या आहेत. फेसलिफ्ट ही हौसेची शस्त्रक्रिया मानली जाते आणि म्हणून तिच्यानंतरची काळजीही हौसेपुरतीच असते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तिच्यात गालाची आणि मानेची त्वचा मोठ्या भागावर खालच्या थरापासून सुटी केली जाते, आणि ती त्वचा जगते की नाही हे शस्त्रक्रियागृहाबाहेर, बहुतांशी पहिल्या २४ तासांतला रक्तदाब आणि उशाशी बसलेल्या माणसाची नजर यांवर ठरते.

शस्त्रक्रियेपूर्वीची नोंद

बाईंना नऊ वर्षांपासून उच्च रक्तदाब होता आणि त्यासाठी त्या सकाळी अम्लोडिपिन व रात्री टेल्मिसार्टन घेत असत. मधुमेह नव्हता. गुडघेदुखीसाठी अधूनमधून घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणि कोणीतरी सुचवलेल्या लसणाच्या कॅप्सूल, दोन्ही रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा आणू शकतात म्हणून, दोन आठवडे आधी बंद करण्यात आल्या. अर्जावरील धूम्रपानाच्या रकान्यात 'नाही' असे लिहिले होते आणि ते खरेही होते. पुतण्याचे लग्न पाच आठवड्यांवर आले होते. असे मोठे कार्य आणि ही शस्त्रक्रिया यांच्यात निदान तीन महिन्यांचे अंतर असावे असे शल्यचिकित्सकाचे मत होते, परंतु लग्नात नीट दिसावे हाच बाईंचा मूळ हेतू असल्याने तारीख पुढे ढकलण्यास त्या तयार झाल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट या टप्प्यावर कोणाच्या लक्षात आली नाही. शस्त्रक्रियेची माहिती घरात फक्त सुनेला होती. बाकी सर्वांना दाताचे ऑपरेशन असल्याचे सांगण्यात आले होते. सौंदर्यशस्त्रक्रियेबाबत आपल्याकडे असलेला संकोच पाहता हे नवलाचे नाही, पण या लपवाछपवीचा थेट परिणाम रुग्णाच्या सुरक्षिततेवर होतो. ज्याला शस्त्रक्रिया नेमकी कशाची झाली हेच ठाऊक नाही, तो रात्री कशावर लक्ष ठेवणार? सूनबाई त्या रात्री रुग्णालयात थांबल्या म्हणून या प्रकरणाचा शेवट बरा झाला, एरवी बाईंनी एकटीनेच राहण्याची तयारी केली होती.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री टेल्मिसार्टन घेऊ नये असे भूलतज्ज्ञांनी सांगितले होते. नावाच्या शेवटी 'सार्टन' किंवा 'प्रिल' असणाऱ्या गोळ्यांमुळे भुलीखाली रक्तदाब फार उतरण्याची शक्यता असते, त्यामुळे अनेक भूलतज्ज्ञ त्या २४ तास आधी थांबवतात. अम्लोडिपिन मात्र सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची होती. मात्र छापील सूचनापत्रात 'रात्री बारानंतर काहीही घेऊ नये' असे एकच सरसकट वाक्य होते, आणि आयुष्यभर उपास काटेकोरपणे पाळणाऱ्या बाईंनी ते अक्षरशः पाळले. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या रात्रीपर्यंत त्यांच्या शरीरात दोन्हींपैकी एकाही औषधाचा ताजा डोस गेलेला नव्हता. रक्तदाबाच्या प्रत्येक गोळीचे नाव घेऊन 'ही घ्या, ही घेऊ नका' असे वेगवेगळे लिहून देणे हा यावरचा उपाय आहे आणि त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

शस्त्रक्रिया

शस्त्रक्रिया सकाळी साडेआठला सुरू होऊन दुपारी दीडला संपली. कानाच्या पुढून, पाळीखालून आणि मागच्या बाजूने केसांच्या रेषेत जाणारा छेद घेऊन त्वचा उचलण्यात आली आणि तिच्याखालचा स्मास नावाचा थर ओढून टाक्यांनी घट्ट करण्यात आला. १९७६ साली मित्झ आणि पेरोनी या फ्रेंच शल्यचिकित्सकांनी या थराचे वर्णन केल्यापासून फेसलिफ्टचा खरा ताण त्वचेवर न देता याच थरावर देण्याची पद्धत रूढ झाली. दोन्ही बाजूंना निचरा नळी ठेवून डोक्याभोवती सैलसर पट्टी बांधण्यात आली.

भुलीखाली रक्तदाब मुद्दाम थोडा कमी ठेवला जातो, शिवाय स्थानिक भुलीच्या इंजेक्शनमध्ये ॲड्रिनलिन असल्याने बारीक रक्तवाहिन्या आकुंचित होतात. त्यामुळे शस्त्रक्रियेचे क्षेत्र कोरडे दिसते. पण काही तासांनी ॲड्रिनलिनचा परिणाम ओसरतो, रक्तवाहिन्या पुन्हा फुलतात, आणि नेमक्या त्याच सुमारास भूल उतरलेल्या रुग्णाचा रक्तदाब चढू लागतो. हे दोन प्रवाह एकत्र येतात ते सहसा पहिल्या संध्याकाळी किंवा रात्री, म्हणजे शल्यचिकित्सक घरी गेलेला असतो आणि पाळीची परिचारिका बदललेली असते तेव्हा.

रात्र

दुपारी तीन वाजता रक्तदाब १३२/८० होता. रात्री नऊच्या सुमारास बाईंना दोनदा उलटी झाली. उलटी रोखणारे इंजेक्शन एकदा दिलेले होते, पण त्यांना घाटात बस लागते ही गोष्ट पूर्वतपासणीत विचारलीच गेली नव्हती. प्रवासात गाडी लागणाऱ्या, तंबाखूचा धूर न ओढणाऱ्या स्त्रियांमध्ये भुलीनंतर उलटीचा धोका जास्त असतो, आणि फेसलिफ्टमध्ये उलटी हा केवळ त्रास नसतो: प्रत्येक उमाळ्याबरोबर डोक्यातील व चेहऱ्यातील शिरांचा दाब वाढतो. त्यातच दिवसभर सलाइन सुरू असल्याने मूत्राशय भरले होते आणि संकोचाने बाईंनी बेडपॅन मागितले नव्हते. भरलेल्या मूत्राशयानेही रक्तदाब चढतो, हे वॉर्डात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते आणि तरीही ते विचारायचे बऱ्याचदा राहून जाते.

साडेदहाला रक्तदाब १६८/९६ भरला. तो कागदावर नोंदवला गेला, पण कळवला गेला नाही. साडेअकराला बाईंनी उजव्या गालात ठणका असल्याची तक्रार केली तेव्हा शस्त्रक्रियेनंतर दुखणारच असे समजून परिचारिकेने पॅरासिटामॉलचे इंजेक्शन दिले. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच आहे. फेसलिफ्टनंतर तीव्र वेदना होणे अपेक्षितच नसते. घट्टपणा, जडपणा, सुन्नपणा, ताणल्यासारखे वाटणे हे सारे होते. पण औषध देऊनही वाढत जाणारी आणि एकाच बाजूची वेदना ही त्वचेखाली रक्त साकळत असल्याची खूण आहे असेच, उलट सिद्ध होईपर्यंत, मानावे लागते. दुखणे कमी करण्यापूर्वी पट्टी सोडून पाहणे आवश्यक असते, कारण वेदनाशामकाने खूण दबते आणि रक्तस्राव मात्र चालूच राहतो.

सव्वाबाराला सूनबाईंनी परिचारिकेला पुन्हा बोलावले. सासूबाई अस्वस्थ झाल्या होत्या, त्यांना तोंड नीट उघडता येत नव्हते, पट्टी उजवीकडे रुतल्यासारखी दिसत होती, आणि पाणी पाजताना गालाची आतली बाजू त्या एकाच अंगाला काळीनिळी झालेली दिसली होती. उजव्या नळीच्या बाटलीत फारसे रक्त नव्हते, यावर परिचारिकेचे समाधान झाले होते. पण साकळलेले रक्त नळीतून येत नाही. नळीमुळे पाझर आणि काळवंडणे थोडे कमी होते, रक्ताची गाठ होणे मात्र ती टाळू शकत नाही. सूनबाईंनी स्वतःच्या मोबाइलवर दोन्ही गालांचे फोटो काढून शल्यचिकित्सकांना पाठवले आणि वीस मिनिटांत ते पोहोचले. रक्तदाब तोवर १८२/१०४ झाला होता.

पट्टी सोडताच उजवा गाल व कानामागचा भाग ताठ, चकचकीत आणि जांभळट दिसला. खाटेवरच कानामागचे काही टाके काढून जमलेले रक्त दाबून बाहेर काढण्यात आले, जेणेकरून शस्त्रक्रियागृह तयार होईपर्यंत त्वचेवरचा ताण उतरावा. अशी सूज मानेकडे पसरली तर श्वासनलिकेवरही दाब येऊ शकतो. आवाज बदलणे किंवा श्वास घेताना धडपड होणे ही लक्षणे दिसल्यास एक मिनिटही थांबता येत नाही. शिरेतून लॅबेटालॉल देऊन रक्तदाब १४० च्या खाली आणला गेला आणि दीडच्या सुमारास जखम पुन्हा उघडून सुमारे ७० मिलिलिटर रक्ताची गुठळी काढण्यात आली. रक्त वाहणारी एखादी ठळक शीर सापडली नाही, सगळीकडून बारीक पाझर होता. बहुतेक वेळा असेच आढळते, आणि म्हणून शल्यचिकित्सकाच्या हाताला दोष देण्यापूर्वी रक्तदाबाचा तक्ता पाहावा.

अशी रक्ताची गाठ ही फेसलिफ्टची सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत आहे. स्त्रियांमध्ये तिचे प्रमाण साधारणपणे शेकडा एक ते तीन असते. पुरुषांमध्ये ते बरेच जास्त आढळते, कारण दाढीच्या त्वचेला रक्तपुरवठा भरपूर असतो. वेळेत काढली तर तिचा मागमूसही उरत नाही. उशीर झाला तर तिच्या दाबाखाली वरची त्वचा मरते.

मशेरी

तिसऱ्या दिवशी नळ्या व पट्ट्या काढून बाईंना घरी पाठवण्यात आले. पाचव्या दिवशी उजव्या कानामागे सुमारे दीड सेंटिमीटर रुंदीचा डाग काळपट पडू लागला. तपासणीच्या वेळी सूनबाईंनी, सासूबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने, डॉक्टरांना सांगितले की आई रोज सकाळी मशेरी लावतात आणि घरी आल्यापासून त्यांनी ती पुन्हा सुरू केली आहे.

भाजलेल्या तंबाखूची ही पूड महाराष्ट्रात, विशेषतः स्त्रियांमध्ये, दात घासण्याच्या निमित्ताने वापरली जाते आणि वापरणाऱ्या बाईच्या लेखी ते व्यसन नसते. 'धूम्रपान करता का' या प्रश्नाचे तिचे उत्तर म्हणूनच प्रामाणिकपणे 'नाही' असे येते. पण हिरड्यांतून शोषले जाणारे निकोटिनही रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि ज्या त्वचेला फक्त एका बाजूने रक्त मिळत असते तिला हा धक्का सोसत नाही. कानामागचा भाग तर त्या उचललेल्या त्वचेचे शेवटचे टोक असतो: रक्ताच्या मुळापासून सर्वांत दूर आणि ताण सर्वांत जास्त. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या रीस व सहकाऱ्यांच्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांमध्ये फेसलिफ्टनंतर त्वचा झडण्याचा धोका सुमारे साडेबारा पट आढळला होता. तो अभ्यास सिगारेटचा होता, मशेरीचा नव्हे. तरीही निकोटिन कोणत्याही मार्गाने गेले तरी शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर निदान चार आठवडे ते पूर्ण बंद असावे असा आग्रह धरला जातो, आणि त्यात तंबाखू, गुटखा, तपकीर यांच्याबरोबर तंबाखू सोडण्यासाठी घेतले जाणारे निकोटिनचे च्युइंगमही येते. महाराष्ट्रात तपासणीचा प्रश्न 'तंबाखू, मशेरी, गुटखा, तपकीर, विडी यांपैकी काही?' असाच, प्रत्येक नाव उच्चारून आणि शक्यतो नातेवाइकांना बाहेर बसवून विचारायला हवा.

या डागाचे खापर मशेरीवर किती आणि रात्रीच्या गाठीवर किती फोडावे, हे सांगता येत नाही. उजव्या बाजूलाच डाग पडला यावरून गाठीचा वाटा निश्चित असावा. डाव्या बाजूची त्वचा त्याच मशेरीसह व्यवस्थित जगली.

बाईंनी त्याच दिवशी मशेरी बंद केली आणि लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही ही अनेकींची जुनी तक्रार असते, आणि वेदनेसाठी दिलेल्या ट्रामाडॉलने बद्धकोष्ठात भर घातली होती. शौचाला कुंथणे हे पहिल्या दोन आठवड्यांत टाळायचेच असते. इसबगोल, भरपूर पाणी आणि ट्रामाडॉल थांबवून फक्त पॅरासिटामॉल, एवढ्याने काम भागले. डाग खरवडून काढण्याची घाई करण्यात आली नाही. कोरडी काळी खपली तशीच ठेवून तिच्या कडांना मलम लावत राहिल्यावर सुमारे पाच आठवड्यांत ती आपोआप सुटली आणि खाली नवी त्वचा भरून आली.

घरचे दिवस

घरी पाळण्याच्या सूचना बाईंच्या हाती इंग्रजीत टाइप केलेल्या कागदावर पडल्या होत्या. सूनबाईंनी त्यांतला एकच मुद्दा मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून कपाटावर चिकटवला: दोन्ही बाजू सारख्या सुजल्या तर थांबून पाहा, एक बाजू वेगळी दिसली किंवा दुखली तर लगेच फोन करा. कागदावरच्या सतरा सूचनांपेक्षा ही ओळ अधिक उपयोगाची होती असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सूज तिसऱ्या दिवसापर्यंत वाढते आणि मग उतरू लागते. काळेनिळेपणा मानेवरून छातीकडे सरकतो आणि साधारण दोन आठवड्यांत पिवळा पडून जातो. हे घाबरण्यासारखे नसते. पाचव्या ते आठव्या दिवसांच्या सुमारास लाली, उष्णता, पू किंवा ताप, जेवताना गालात फुगा येणे, आणि पोटरी सुजून दुखणे, ही मात्र डॉक्टरांना दाखवण्याची लक्षणे आहेत.

झोपताना डोके उंच हवे, पण उशांची चळत रचून मान पुढे वाकवलेली नको, कारण वाकलेल्या मानेने त्वचेतील रक्ताचा परतीचा प्रवाह अडतो; पलंगाचा डोक्याकडचा भाग उचलणे किंवा आरामखुर्चीत झोपणे जास्त चांगले. खाली वाकण्याची मनाई आपल्या घरांत पाळणे सर्वांत अवघड जाते, असे दिसते. देवापुढे बसणे, केर काढणे, जमिनीवरची वस्तू उचलणे, घरी आलेल्या वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करणे, या सगळ्यांत डोके हृदयाच्या खाली जाते. बाईंनी पहिले दोन आठवडे देवपूजा सुनेवर सोपवली. आहार वरण-भात, मऊ खिचडी, शिरा असा ठेवला. भाकरी आणि सुपारी दूर राहिली.

दातांचे ऑपरेशन झाल्याचे ऐकून आलेल्या शेजारणीने सहाव्या दिवशी गालाला गरम कापडाचा शेक देण्याचा सल्ला दिला आणि तवा तापतही ठेवला. येथे ती लपवाछपवी पुन्हा आडवी आली. फेसलिफ्टनंतर गाल व कानाची पाळी कित्येक आठवडे सुन्न असतात, त्यामुळे चटका बसल्याचे रुग्णाला कळत नाही. शेक, गरम पाण्याची पिशवी आणि केस वाळवण्याचे यंत्र यांनी भाजल्याचे, आणि थेट लावलेल्या बर्फानेही त्वचेला इजा झाल्याचे प्रकार घडतात. सूनबाई वेळेवर आल्या. हळदीचा लेप आणि डोक्याला तेलाची मालिश हे सल्लेही त्याच ओघात आले होते आणि तेही जखम पूर्ण भरेपर्यंत बाजूला ठेवले गेले.

कानापुढचे टाके सहाव्या दिवशी आणि केसांतले दहाव्या दिवशी निघाले. या मधल्या दिवसांत बाई खूप रडल्या. आरशातला चेहरा सुजलेला, डावा-उजवा वेगळा, आणि आपण हे या वयात कशासाठी करून घेतले हा प्रश्न. पहिल्या दोन आठवड्यांतली ही उदासी इतकी सर्वसाधारण आहे की तिची कल्पना आधीच द्यायला हवी, परंतु झोप पूर्ण उडाली किंवा ती आठवड्यांमागून आठवडे टिकली तर तिच्याकडे स्वतंत्रपणे पाहावे लागते. उजव्या ओठाचा कोपरा हसताना किंचित कमी खाली जात होता. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या खालच्या फांदीला सूज व ताण यांमुळे येणारी अशी दुर्बलता बहुतेक वेळा काही आठवडे ते काही महिन्यांत भरून येते, आणि येथे ती दोन महिन्यांत गेली.

लग्नाला बाई गेल्या. केस कानांवरून सोडलेले होते, कलप लावलेला नव्हता, कारण रसायने ताज्या व्रणांवर सहा आठवड्यांपर्यंत नको होती, आणि कानांत काहीच नव्हते. जड कुड्यांचा हट्ट डॉक्टरांनी साफ नाकारला होता: सुन्न पाळी ओढली जात असल्याचे कळत नाही आणि पाळीखालचा व्रण त्या वजनाने खाली ओघळतो. उन्हात मांडवाबाहेर थांबायचे नाही एवढी सूनबाईंची अट होती. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत व्रण काळे पडण्याची आणि कधी जाडसर होण्याची प्रवृत्ती असते, म्हणून व्रणांना वर्षभर सनस्क्रीन आणि काही महिने सिलिकॉनचे मलम सांगितले होते.

सहाव्या महिन्याच्या तपासणीत डावा व्रण शोधावा लागत होता. उजव्या कानामागे खपलीच्या जागी रुपयाच्या नाण्याहून लहान, थोडा फिकट आणि पातळ डाग राहिला होता. तो केसांखाली झाकला जात असल्याने त्यावर पुन्हा शस्त्रक्रिया नको असे बाईंनीच सांगितले. उजवी पाळी अजून अर्धवट सुन्न होती. कानाकडे जाणारा संवेदनेचा मोठा मज्जातंतू मानेत वरवरून जातो आणि या शस्त्रक्रियेत सर्वाधिक दुखावला जातो तो हाच. त्याची संवेदना वर्षभरापर्यंत परतू शकते. हलके टॉप घालण्यास परवानगी मिळाली, कुड्या पुढच्या तपासणीपर्यंत थांबल्या. रक्तदाब १३४/८२ होता, आणि मशेरीबद्दल विचारल्यावर बाईंनी उत्तर देण्याआधी सुनेकडे पाहिले.